धुवणाच्या रंगाचं पाणी: स्वप्न फळीवर कसं उतरवावं

वडील गेले त्या वर्षीच्या आषाढात मला स्वप्नात आजोळची विहीर दिसली. पायऱ्यांवर बायका पाठमोऱ्या बसल्या होत्या, केस ओले आणि मोकळे. कुणीच वळून बघत नव्हतं. विहिरीतलं पाणी निळं नव्हतं, हिरवंही नव्हतं. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं होतं. सकाळी आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "आसरा दिसल्या तुला. विहिरीला नारळ दे."

साती आसरा म्हणजे आपल्या पाणवठ्यांवरच्या सात देवता. 'अप्सरा' या शब्दाचंच हे रूप. बहुतेक ठिकाणी त्यांना मूर्ती नसते. काठावर सात दगड, त्यांना शेंदूर, पुढे हिरव्या बांगड्या आणि खण. या स्वप्नावरून मी दोन बाय तीन फुटांच्या फळीवर एक चित्र केलं. कागद, कापड, वाळू, गेरू आणि अ‍ॅक्रिलिक अशा मिश्र माध्यमातलं. त्याला पाच महिने लागले. माझ्या वर्गातल्या मुली ते कसं केलं हे सारखं विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी स्वप्न पकडायचं. उशाशी वही आणि पेन्सिल ठेवा, मोबाइल नको. त्याचा उजेड डोळ्यांवर पडला की स्वप्न गेलंच. जाग आल्यावर कूस न बदलता मिनिटभर तसंच पडून राहा, मग लिहा. गोष्ट लिहायची नाही. गोष्ट आपण जागेपणी रचतो आणि ती स्वप्नापेक्षा नीटनेटकी निघते. फक्त रंग, स्पर्श आणि कोण कुठे होतं, एवढंच टिपा. माझ्या वहीत त्या दिवशी तीनच ओळी आहेत: "धुवण. केसांतून पाणी गळत नाही. पायरी गार." बाजूला काड्यापेटीएवढं रेखाटन. चित्रकार प्रभाकर बरवे नियमाने रोजनिशी लिहीत आणि तिच्यात रेखाटनं करीत. स्वप्नावर काम करणाऱ्याला दुसरं कुठलंही साधन मिळालं नाही तरी चालेल, पण वही हवीच.

नंतर निदान पंधरा दिवस काही करू नका. त्यानंतर डोळे मिटल्यावर जे उरलेलं दिसेल ते तुमचं चित्र. माझ्याकडे बायका अंधूक झाल्या होत्या आणि पाण्याचा रंग तेवढा लख्ख उरला होता. म्हणून चित्र बायकांचं न करता पाण्याचं करायचं ठरवलं. हा निर्णय वहीत लिहून ठेवा, कारण काम करताना हात परत गोष्ट सांगायला धावतो.

पुराणकथा किंवा लोकदेवता चित्रात येत असेल तर ती जिथे जिवंत आहे तिथे जाऊन विचारा. आपल्याकडे 'दृष्टान्त होणं' हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. पांडुरंगाला घेऊन नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितलं, हे तुकोबांनी स्वतः सांगितलं आहे. असा दृष्टान्त ज्यांच्या घरात होतो त्यांच्यासाठी देवता हा चित्राचा विषय नसतो. मी आजोळी जाऊन दोन म्हाताऱ्या बायकांशी बोलले. एक म्हणाली, आसरांकडे निरखून बघू नये. दुसरी म्हणाली, बघावं पण बोलू नये. तिथेच ठरलं की चेहरे काढायचे नाहीत.

सामानाची सुरुवात फळीपासून. कापड किंवा वाळू चिकटवायची तर ताणलेला कॅनव्हास झोळ खातो, म्हणून १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय (ओल सोसणारं प्लायवुड) घ्या. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा आणि अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, तीन हात द्या. एक आडवा, एक उभा, परत एक आडवा. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर २२० ने हलकं घासायचं. मागच्या बाजूलाही दोन हात द्याच. एकच बाजू लिंपली तर पावसाळ्यात फळी हमखास वाकते. खडूची पावडर आणि सरस वापरून घरी केलेला जुन्या पद्धतीचा लेपही सुरेख दिसतो, पण आमच्या वाईच्या हवेत सरसावर बुरशी आली. तेव्हापासून मी तो सोडला.

पायऱ्यांसाठी मी दगडाचे ठसे घेतले. १९२५ साली जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्ट यांनी लाकडी जमिनीवर कागद ठेवून वर ग्रॅफाइट (पेन्सिलीतलं शिसं) घासलं आणि उमटलेल्या रेषांतून चित्रं शोधली. युक्ती तीच, आपल्या दगडावर करायची. पातळ पण चिवट पांढरा कागद दगडावर पसरा, कडा चिकटपट्टीने धरा आणि ग्रॅफाइटची जाड कांडी आडवी धरून फिरवा. पतंगाचा रंगीत कागद नको, त्याचा रंग पाण्यात सुटतो. साताऱ्याजवळ लिंबला वीरूबाई भोसले यांनी बांधलेली बारा मोटांची विहीर आहे. तिच्या पायऱ्यांवर मी तासन्‌तास नुसती बसले, प्रकाश कसा उतरतो ते पाहिलं. ठसे मात्र आजोळच्या विहिरीचेच घेतले, आधी नारळ देऊन. जुन्या वास्तूंवर आणि पूजेतल्या दगडांवर कागद घासायचा नाही.

आता पाणी. पाण्याखाली काहीतरी बुडालेलं हवं होतं, म्हणून पणजोबांच्या मोडीतल्या एका कागदाची छाप फळीवर उतरवली. मूळ कागद कधीही वापरू नका. दुकानातल्या मशीनवरची, टोनरची झेरॉक्स काढा. घरच्या इंकजेटची शाई पसरते. छाप उलटी उमटते, म्हणून झेरॉक्स आरशातल्यासारखी उलटी काढून मागा. फळीवर अ‍ॅक्रिलिक जेल मिडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारा घट्ट, चिकट लेप) लावा, पोळीला तूप लावतो तेवढंच. झेरॉक्स पालथी ठेवून जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढा. रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात दोन रात्री. मग ओल्या स्पंजने कागद भिजवून बोटाच्या पेराने गोल गोल चोळा. कागदाच्या बारीक शेवया निघतात आणि खालून अक्षरं वर येतात. काही अक्षरं शेवयांबरोबर जातात. जाऊ द्या.

ओलं असताना सगळं स्वच्छ दिसतं, पण वाळलं की वर पांढरी साय धरते. ते उरलेले कागदाचे धागे. परत भिजवून चोळा आणि ती साय घालवा, असंच सगळीकडे शिकवतात. मी नमुन्याच्या तुकड्यावर चोळत होते आणि मध्येच हात थांबला. ती साय म्हणजे हुबेहूब धुवण होतं. खाली अक्षर, वर पांढुरकं पाणी. आनंदाने मी लगेच त्यावर मिडियमचा पातळ हात दिला आणि साय नाहीशी झाली! धागे ओले झाले की पारदर्शक होतात आणि मिडियम त्यांना कायमचं तसंच ठेवतं. न लिंपता सोडावं तर ती साय बोट लागलं तरी झडते.

आठ तुकडे खराब केल्यावर मार्ग सापडला. साय पूर्ण काढून टाकायची, छाप मिडियमने लिंपून पक्की करायची आणि मग धुवण वरून नव्याने चढवायचं. एक चमचा जेसो, तीन चमचे मॅट (चकाकी नसलेलं) मिडियम, तीन चमचे पाणी. नुसत्या पाण्यात पातळ केलेला जेसो पुढे पावडरीसारखा सुटतो, म्हणून मिडियम हवंच. हे मिश्रण रुंद मऊ ब्रशने एकदाच फिरवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग ४०० नंबरचा पेपर बोटाभोवती गुंडाळून जिथे अक्षर डोकावायला हवं तिथेच घासायचं. असे अकरा थर झाले. नवव्या थराला ते नुसतं पांढरं दिसत होतं. अकराव्याला खोली आली.

बायकांच्या पाठी आजीच्या सुती लुगड्याच्या तुकड्यांच्या केल्या. कापड गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, मिडियममध्ये बुडवून पिळा आणि चुण्या बोटांनी बसवा. आधुनिक जर कालांतराने काळी पडते, ती टाळा. काठावरच्या वाळूसाठी नदीची वाळू तीनदा धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीतून गाळली. समुद्राची असेल तर अधिकच धुवा, कारण मीठ राहिलं तर ओल ओढतं. वर्तमानपत्राचा कागद चित्रात नको, वर्षभरात पिवळा पडतो.

घरातल्या रंगांबद्दल नीट समजून घ्या. गेरू आणि काव म्हणजे लोहाची माती, उजेडाला पक्की, बिनधास्त वापरा. हळद सुंदर दिसते आणि उजेडात उडते. कुंकवाने मला फसवलं. अस्सल कुंकू हळदीला चुन्यासारखं काहीतरी अल्क लावून होतं, लाली त्या अल्कामुळेच येते. मी ते लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदात कालवलं. असा गोंद बहुधा आम्लधर्मी असतो. दोन दिवसांत लाल ठिपके पिवळट झाले, जणू कुंकू परत हळद झालं. कुठलाही घरगुती रंग वापरण्याआधी कागदावर पट्टा ओढा, अर्धा काळ्या कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवा. दोन्ही भागांत फरक दिसला तर तो रंग चित्रात नाही.

शेंदराबद्दल मी कळकळीने सांगते. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे, विषारी. आता त्या नावाने दुसऱ्या पावडरीही विकतात आणि पुडीत काय आहे हे पुडी सांगत नाही. त्याची धूळ श्वासात जाता कामा नये, घासणं तर दूरच. मुलं असतील त्या घरात आणूच नका. माझे सात दगड अ‍ॅक्रिलिकच्या कॅडमियम ऑरेंज ह्यूमध्ये चिमूटभर लाल घालून रंगवले आहेत. 'ह्यू' असेल तर त्यात खरं कॅडमियम नसतं. दगडावर साचलेल्या शेंदराच्या जाड पापुद्र्यासाठी त्याच रंगात जेल मिसळून रंगाच्या सुरीने थापलं.

क्रमाचा एक नियम मोडायचा नाही: अ‍ॅक्रिलिक खाली, तेलकट वर. ओल्या केसांची चकाकी मी शेवटी काळ्या ऑइल पेस्टलने दिली. तेलावर अ‍ॅक्रिलिक लावलं तर ते धरत नाही, सोलून निघतं.

फ्रेमसाठी मी पहिल्या वेळी एका दुकानदाराला विसंबले आणि त्याने काच थेट चित्राला टेकवली. श्रावणात ओल धरून एका पाठीचं कापड काचेला चिकटलं, काढताना फाटलं. दुरुस्त केलं, पण जागा मला दिसते. काच लावायची तर चित्र आणि काच यांच्यात पट्टी घालून अर्ध्या इंचाची फट ठेवायला सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या.

फळीच्या पाठीवर तारीख आणि वापरलेल्या प्रत्येक साहित्याचं नाव लिहा, म्हणजे पुढे दुरुस्त करणाऱ्याला कळेल. मी तिथे वहीतल्या त्या तीन ओळीही लिहिल्या आहेत. चित्र बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तीच पहिली ओलावते. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, वारा खेळेल. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उतरवून पाठ बघा. राखाडी ठिपके दिसले तर ओलं फडकं लावू नका. मास्क लावून, अंगणात नेऊन, कोरड्या मऊ ब्रशने झटका आणि दोन दिवस पंख्याखाली उभं करून ठेवा.