पीडीटी आणि रोगप्रतिकारशक्ती: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या कंट्रोल प्लेटमधल्या पेशी मेल्या. औषध दिलं होतं, पण लेसर लावलाच नव्हता. दोन आठवडे मी औषधाच्या शुद्धतेवर संशय घेत बसले. दोष निघाला हूडमधल्या, म्हणजे पेशी हाताळायच्या कपाटातल्या, ट्यूबलाइटचा. म्हणून फोटोडायनॅमिक थेरपीत, म्हणजे पीडीटीत (औषध आणि प्रकाश मिळून कर्करोगाच्या पेशी मारण्याच्या उपचारात), येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: हूडचा दिवा बंद ठेवा, प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा.

हे औषध अंधारात बहुतांशी निरुपद्रवी असतं. योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला (फोटोफ्रिन या पीडीटीच्या औषधासाठी ६३० नॅनोमीटर) की ते ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं अतिशय क्रियाशील रूप, तयार होतो. तो फार दूर जात नाही; जिथे बनतो तिथेच घाव घालतो. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला अ‍ॅक्रिडीन या रसायनातले पॅरामिशियम (एकपेशी जीव) उजेडात लवकर मरताना दिसले आणि १९०० साली त्याने ते प्रसिद्ध केलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी दीड वर्ष फक्त मेलेल्या पेशी मोजल्या. मग गाइडनी व्हँकुव्हरच्या म्लादेन कोर्बेलिक यांच्या गटाचा १९९६चा शोधनिबंध हातात दिला. साध्या उंदरांमध्ये ईएमटी६ या कर्करोगाच्या पेशींच्या गाठी पीडीटीने कायमच्या गेल्या. लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या स्किड उंदरांमध्येही त्या आधी नाहीशा झाल्या, पण नंतर परत आल्या. औषध तेच, प्रकाश तोच. फरक प्रतिकारशक्तीचा. तो निबंध वाचून माझा सगळा प्रबंधच बदलला, कारण प्लेटमध्ये ही गोष्ट कधीच दिसली नसती.

पीडीटीने मरणारी पेशी गुपचूप मरत नाही. ती धोक्याचे इशारे देते: कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन पृष्ठभागावर येतं, एटीपी आणि एचएमजीबी१ हे रेणू बाहेर पडतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, डेंड्रायटिक पेशी गाठीचे तुकडे उचलून लिम्फ नोडमध्ये नेतात आणि तिथे गाठीच्या पेशी मारणाऱ्या सीडी८ टी-पेशी शिकून तयार होतात. हे प्रत्येक औषधाने आणि प्रत्येक डोसला होतंच असं मात्र नाही. त्वचेवरच्या पीडीटीने काही काळ तिथली प्रतिकारशक्ती उलट दबते. मॅन्टू चाचणीची (क्षयासाठी त्वचेत टोचून करतात ती) प्रतिक्रिया कमी येते. 'पीडीटीने इम्युनिटी वाढते' एवढं एकच वाक्य लिहून कुणी आलं, की मी आधी डोस विचारते.

डोस म्हणजे नुसते जूल नव्हेत. दर चौरस सेंटीमीटरला १०० मिलिवॉट १००० सेकंद दिले काय किंवा ५० मिलिवॉट २००० सेकंद दिले काय, हिशेबात दोन्ही १०० जूलच. पण तीव्र प्रकाशात ऑक्सिजन झपाट्याने संपतो आणि रक्तातून तेवढ्या वेगाने भरून येत नाही. हळू दिलेल्या प्रकाशात तो पुरतो, म्हणून परिणाम वेगळा. शिवाय गाठ सर्वांत चांगली मारणारा डोस आणि सर्वांत जास्त दाह उठवणारा डोस एकच असेल, असं गृहीत धरू नका. वहीत जुलांसोबत मिलिवॉट लिहाच. माझ्या पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदींत ते नव्हते, ते सगळे प्रयोग पुन्हा करावे लागले.

भौतिकशास्त्रातून येणाऱ्यांनी फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून ओळखण्याचं आणि मोजण्याचं तंत्र) शिकावी, बायोटेकवाल्यांनी प्रकाशाची शक्ती मोजणारा पॉवर मीटर हाताळायला शिकावं. एकाच बाजूचं येत असेल तर मधली चूक पकडताच येत नाही. नोकरीचा विचार करत असाल तर फोटोइम्युनोथेरपीवरही लक्ष ठेवा: अँटिबॉडीला आयआर७०० हा रंग जोडायचा आणि ६९० नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा. जपानने २०२० मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी असं एक औषध मंजूर केलं. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका आहे, की हे वाचताना मला ओपीडीतली रांग आठवते.

आणि रीचॅलेंज, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठ लक्षात राहिली का ते तपासणं, टाळू नका. बऱ्या झालेल्या उंदराच्या दुसऱ्या कुशीत त्याच पेशी पुन्हा टोचायच्या, सोबत उपचार न झालेल्या नव्या उंदरांनाही. मग रोज अ‍ॅनिमल हाऊसमध्ये जाऊन बोटाने चाचपायचं. नव्या उंदरांत गाठ लागते. ज्यांच्यात तिसऱ्या आठवड्यातही बोटाला काही लागत नाही, त्यांची प्लीहा काढून टी-पेशी बघायच्या.