इंजेक्शन भरताना या चुका टाळा

सकाळी सलाइनची एक बाटली उघडायची, बुचात सुई खोचून ट्रॉलीवर ठेवायची आणि दिवसभर पावडर औषधाच्या प्रत्येक व्हायलसाठी (रबरी बुचाच्या छोट्या बाटलीसाठी) त्यातूनच पाणी काढायचं. सोयीची वाटणारी ही सवय मी चुकांच्या यादीत सगळ्यात वर ठेवीन. साध्या सलाइनमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं रसायन, नसतं. खोचलेल्या सुईतून जंतू आत शिरले की वॉर्डच्या उकाड्यात वाढत राहतात, आणि पाणी मात्र तसंच नितळ दिसतं. त्यापेक्षा सलाइनची 10 मिलीची अँप्यूल (एकदाच फोडायची सीलबंद कुपी) एका डोसपुरती फोडा, उरलेलं टाकून द्या. खर्चाचा प्रश्न निघालाच, तर एका सेप्सिसचं (रक्तात पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गाचं) आयसीयू बिल समोर ठेवा.

2012 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका फार्मसीत तयार झालेल्या, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनात बुरशी शिरली. 20 राज्यांत साडेसातशेच्या वर पेशंट आजारी पडले, साठहून अधिक दगावले. सिंगल-डोस व्हायलमध्येही सहसा प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणून तिच्यातला उरलेला डोस दुसऱ्या पेशंटला देऊ नका. मल्टी-डोस व्हायलवर उघडल्याची तारीख लिहा. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर 28 दिवसांनी ती बाद. आणि हो, नुसती सुई बदलून भागत नाही, सिरिंजही दर वेळी नवीच हवी.

व्हायलची प्लास्टिकची टोपी काढली की खालचं रबर निर्जंतुकच असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. 70 टक्के अल्कोहोलने ते चोळून पुसा आणि वाळू द्या. ओल्या रबरात सुई घालण्याची घाई सगळीकडे दिसते. शुद्ध अल्कोहोल जास्त प्रभावी असेल हाही गैरसमजच. जंतू मारायला त्यात थोडं पाणी लागतं.

इंजेक्शनं भरायचं टेबल बेसिनशेजारी किंवा पंख्याखाली नको. आडव्या झोताचा लॅमिनार फ्लो (गाळलेली स्वच्छ हवा एकसारखी सोडणारं यंत्र) असेल तर फिल्टर आणि व्हायल यांच्यामध्ये हात किंवा बाटल्यांची रांग येऊ देऊ नका. मग त्या यंत्राचा उपयोगच उरत नाही.

औषध गढूळ झालं? आधी कशात मिसळलं ते बघा. फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) साका धरतं, त्याला नॉर्मल सलाइनच लागतं. बुरशीवरच्या अँफोटेरिसिन बी चं नेमकं उलटं: त्याला 5 टक्के डेक्स्ट्रोज, सलाइन अजिबात नाही. सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाइनमध्ये) घातलं तर त्यातल्या कॅल्शियममुळे कण तयार होतात. नवजात बाळाला कॅल्शियम असलेलं सलाइन चालू असेल, तर सेफ्ट्रायॅक्झोन वेगळ्या लाइनमधूनही देऊ नका. डॉक्टरांना विचारून औषधच बदलून घ्या.