वहीतच बिघडलेला अभिप्राय: बालवाडीच्या ताईंना कोचिंग करताना या चुका टाळा

बालवाडीच्या वर्गात निरीक्षणाला गेलेल्या कोचची, म्हणजे ताईंचं शिकवणं बघून त्यांना सुधारायला मदत करणाऱ्याची, वही उघडली की बहुतेक वेळा अशी वाक्यं दिसतात: 'वर्गनियंत्रण चांगले. मुलांचा सहभाग कमी. ताई उत्साही, पण घाई करतात.' या वहीवरून पुढे कितीही गोड शब्दांत चर्चा केली तरी ती फसायचीच. निरीक्षणाच्या जागी इथे निकाल लिहिलेला आहे, आणि निकालावर माणूस एक तर वाद घालतो किंवा मान खाली घालून 'हो' म्हणतो.

अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हा समज तसाही कच्चा आहे. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट खालावलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून 'मी कशी आहे' याकडे वळलं की अभिप्रायाचा जोर कमी होतो. 'ताई घाई करतात' हे वाक्य नेमकं तेच करतं.

मत लिहिणं, घडलेलं न लिहिणं

सगळ्या चुकांची ही आई, म्हणून इथे जरा थांबू. 'मुलांचा सहभाग कमी' याऐवजी वहीत असं हवं:

'१०.१२. गोष्ट चालू. ताई: ससा कुठे लपला? (लगेच) झाडामागे, हो ना? चार मुलं: होऽऽ. खिडकीजवळची दोघं बुटांच्या बंदांशी खेळताहेत. ताई पान उलटतात.'

यात कौतुक नाही, ठपकाही नाही. पण बोलायला केवढं आहे! प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करायला वेळ मिळालाच नाही, हे ताईंना स्वतःला दिसेल. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांत हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबत. ती शांतता तीन सेकंद किंवा जास्त केली की मुलांची उत्तरं लांबत, एरवी गप्प असणारी मुलंही बोलत. चार वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला याहूनही वेळ लागतो, हे त्याच्याशी दोन मिनिटं बोललेल्या कुणालाही ठाऊक असतं.

नोंद तपासायची सोपी कसोटी: हे कॅमेऱ्यात दिसलं असतं का? 'उत्साही' कॅमेऱ्यात दिसत नाही. 'सात मुलांना नावाने हाक मारली' हे दिसतं. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसलेलं आणि ऐकलेलं, शक्यतो बोललेल्या शब्दांत आणि वेळेसकट. उजवीकडे तुमचे प्रश्न. मत सुचलंच तर तेही उजवीकडे, प्रश्नचिन्ह लावून.

आणि ताईंइतकंच मुलांचंही लिहा. नवखा कोच तासभर ताईंकडेच बघत राहतो. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात कोण कोणाशी काय बोललं याची एक ओळ ताईंना बहुधा सगळ्यात जास्त आवडते, कारण ते त्यांना एरवी ऐकायला मिळतच नाही.

सगळंच बघायला जाणं

बावीस रकान्यांची चेकलिस्ट घेऊन गेलं की बावीस गोष्टी अर्धवट दिसतात. निरीक्षणाआधी ताईंशी दहा मिनिटं बसा आणि एकच मुद्दा ठरवा: गोष्टीतले प्रश्न, खेळ आवरायची वेळ किंवा न बोलणाऱ्या मुलांशी होणारं बोलणं. अमेरिकेत गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी चालणाऱ्या हेड स्टार्ट या सरकारी कार्यक्रमात वापरल्या जाणाऱ्या सरावाधारित कोचिंगचं चक्रही असंच फिरतं: आधी मिळून ध्येय आणि कृती ठरवायची, मग तेवढ्यापुरतं निरीक्षण, मग त्यावर विचार आणि अभिप्राय.

वेळेचीही निवड चुकते. बहुतेक जण गोलात बसून गाणी-गोष्टी चालू असताना जातात, कारण तेव्हा 'शिकवणं' दिसतं. पण ताई आणि मूल यांचं खरं बोलणं सकाळी मुलं येतात तेव्हा, मुक्त खेळात, हात धुवायच्या रांगेत आणि पसारा आवरताना होतं. वर्ग विस्कटतो तोही बहुधा एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या त्या मधल्या पाच मिनिटांत. तेव्हा तिथे असा.

मोजपट्टीचा छडीसारखा वापर

'क्लास' या निरीक्षणपद्धतीत भावनिक आधार, वर्गाची घडी आणि शिकण्याला मिळणारा आधार या तीन अंगांनी वर्ग बघतात आणि १ ते ७ असे गुण देतात. साधारण वीस मिनिटं बघायचं, मग दहा मिनिटांत गुण द्यायचे, अशा अनेक फेऱ्या होतात, आणि निरीक्षकाला आधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. 'एकर्स' ही दुसरी प्रसिद्ध मोजपट्टी. तिच्यात जागा, साहित्य आणि दिनक्रमालाही मोठं स्थान आहे.

दोन्ही कामाच्या, पण चर्चेत ताईंसमोर नुसता आकडा ठेवला की चर्चा आकड्याचीच होते. 'मला तीनच का?' या प्रश्नातून कोणीही मुलांशी चांगलं बोलायला शिकत नाही. शिवाय साहित्य अपुरं असेल तर ती खरेदी करणाऱ्याची जबाबदारी. त्याचा अभिप्राय ताईंना देऊन काय उपयोग? तो व्यवस्थापनाला द्या.

याच घरातली आणखी एक चूक: कोचिंग आणि वार्षिक मूल्यमापन एकाच व्यक्तीकडे असणं. ज्याच्या शेऱ्यावर नोकरी अवलंबून आहे त्याच्यासमोर कोण आपली अडचण मोकळेपणी सांगेल? दोन्ही कामं तुमच्याकडेच असतील तर वह्या वेगळ्या, दिवस वेगळे ठेवा आणि आज कोणत्या कामासाठी आला आहात ते दारातच सांगा. याने भीती पूर्ण जात नाही. कमी होते.

चर्चेत कोचनेच बोलत राहणं

आधी कौतुक, मग 'पण', मग पुन्हा कौतुक, हा साचा आता सगळ्यांना पाठ आहे. पहिलं वाक्य गोड आलं की ताई 'पण'ची वाट बघत बसतात. प्रश्नाच्या वेषातला सल्लाही तसाच ओळखू येतो: 'मुलांना थोडा वेळ दिला असता तर बरं झालं नसतं का?' त्यापेक्षा नोंद वाचून दाखवा आणि गप्प बसा.

'ताई, गोष्टीत मुलांना बोलायला किती मिळतं ते बघायला तुम्ही सांगितलं होतं. मी पाच प्रश्न उतरवून घेतलेत. वाचू?'

'वाचा ना.' (वाचून होतं.) 'अगं बाई, सगळी उत्तरं मीच दिली की!'

'असं कशामुळे होत असेल?'

'थांबले तर मुलं उठून जातात हो. एकदा पांगली की परत गोळा करता करता नाकी नऊ येतात.'

खरी गाठ ही. ताईंना थांबण्याचं महत्त्व माहीत नाही असं नाही, थांबणं त्यांना परवडत नाही. इथे प्रतीक्षेवर व्याख्यान दिलंत तर संपलं. गट अर्धा करता येईल का? उरलेल्या मुलांना मदतनीस खेळाच्या कोपऱ्यात नेतील का? गोष्ट लांबते आहे का? हे बोलायला हवं.

चर्चा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, बसून व्हावी, मुलं आणि पालक नसताना व्हावी. दारात उभ्या उभ्या दिलेला अभिप्राय हा केवळ शेरा असतो.

अडलंय कुठे?

*ताई 'हो हो' म्हणतात, वर्गात काहीच बदलत नाही.* ठरलेली कृती बहुधा धूसर असते. 'मुलांना जास्त बोलतं करा' ही कृतीच नव्हे. 'उद्याच्या गोष्टीत कासवाच्या पानावर एक प्रश्न विचारायचा आणि मनात पाच आकडे मोजायचे, त्या पानावर आठवणीला ठिपका काढून ठेवायचा' ही कृती. तरीही जमलं नाही तर सांगत बसू नका, करून दाखवा. तुम्ही गोष्ट सांगा, ताई नोंदी घेतील. तुमच्या वेळीही मुलं पांगतील कदाचित. पांगू देत, त्यावरही बोलता येतं.

*तुम्ही गेलात की वर्गाचं संमेलन होतं.* पाठ केलेली गाणी, नीट ओळीत बसलेली मुलं. वहीशिवाय दोन-तीनदा जा, खेळात बसा, मदत करा. निरीक्षणाच्या दिवशी नोंदींची प्रत निघतानाच ताईंच्या हातात द्या. वहीत काय लिहिलंय याचं गूढ संपलं की नाटकही ओसरतं.

*मुलं तुमच्याभोवतीच जमतात.* कडेला, खाली बसा. 'मी आज लिहायला आले आहे' एवढं एकदा सांगा आणि लिहीत राहा. इजा होण्याची भीती असेल तरच मधे पडा.

*ताई एकाच मुलाबद्दल तक्रार करतात.* 'तो फार त्रास देतो' यावर चर्चा करू नका. चावणं, ढकलणं जे काही असेल त्याच्या आधी काय झालं, नेमकं काय झालं, लगेच नंतर काय झालं, असे तीन रकाने काही दिवस भरा. बऱ्याचदा ते ठरावीक वेळी, ठरावीक जागी होतं.

*चर्चेत ताईंच्या डोळ्यांत पाणी येतं.* वही मिटा. 'सगळं छानच चाललंय' असं खोटं मात्र बोलू नका, पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या कौतुकावरही विश्वास बसणार नाही. पुष्कळदा कारण वर्गाबाहेरचं असतं: सुट्टी न मिळणं, मदतनीस नसणं.

*व्हिडिओ म्हटला की नकार येतो.* पालकांची परवानगी आधी घ्या. चित्रण प्रथम ताईंनी एकटीने बघावं, कारण पहिल्या वेळी माणूस फक्त आपला आवाज आणि केस बघतो. मग मिनिट-दोन मिनिटांचा, शक्यतो जमलेला, तुकडा एकत्र बघा. व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेल्या 'माय टीचिंग पार्टनर' कार्यक्रमात शिक्षक चित्रण पाठवतात आणि कोच त्यातले छोटे तुकडे निवडून त्यावर प्रश्न लिहितो. लांबच्या वर्गांसाठी ही सोय चांगली.

*'मुलांमध्ये फरक कधी दिसणार?' असं व्यवस्थापन विचारतं.* क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी २०१८ मध्ये शिक्षकांच्या कोचिंगवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्यातला फरक ०.४९ प्रमाण विचलन (नेहमीच्या चढउताराच्या मानाने फरक किती, हे सांगणारं माप) इतका होता, मुलांच्या निकालांतला ०.१८. म्हणजे आधी ताईंचं वागणं बदलतं, मुलांमधला फरक त्यामानाने लहान असतो. कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम घसरतो, हेही त्यात दिसलं. तेव्हा एका कोचच्या गळ्यात चाळीस वर्ग बांधू पाहणाऱ्यांना हा शेवटचा मुद्दा आधी दाखवा.

मुद्दा कधी बदलायचा, हाही नेहमीचा प्रश्न. आठवण न करता, ठरवून न गेलेल्या दोन भेटींत ती कृती दिसली की पुढचा घ्या. तीन भेटींनंतरही दिसत नसेल तर पायरी उंच झाली आहे. पाच आकडे मोजणं जमत नसेल तर दोन मोजा, सगळ्या वर्गाऐवजी चारच मुलांसोबत मोजा.