मणक्याचा त्रास असताना बाळंतपणानंतरचे वजन कसे उतरवावे

कमरेच्या मणक्यातील गादी सरकलेली असेल आणि बाळंतपणात वाढलेले वजनही उतरवायचे असेल, तर पोट सुटले म्हणून पोटाचेच व्यायाम करायचे हा विचार आधी बाजूला ठेवावा. उताणे झोपून धड उचलण्याच्या व्यायामाने पोटावरची चरबी वेगळी अशी झडत नाही, उलट कणा वारंवार पुढे वाकल्याने गादीवरचा दाब मात्र वाढतो. वजन उतरते ते रोजच्या चालण्याने आणि बेताच्या आहाराने. पाठीचे व्यायाम करायचे ते या चालण्यात खंड पडू नये म्हणून.

सुरुवात कधी करावी हे प्रसूती कशी झाली यावर ठरते. नैसर्गिक प्रसूतीनंतर साधारण 6 आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना विचारून, तर सिझेरियननंतर सहसा 8 ते 12 आठवड्यांनी नेमका व्यायाम सुरू करता येतो. घरातल्या घरात हळूहळू चालायला त्याआधीही हरकत नसते. जुने एमआरआयचे कागद घेऊन एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे जावे, कारण कोणत्या बाजूला वाकल्याने त्रास होतो हे प्रत्येकीचे वेगळे असते. जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली, शौचावरचा ताबा सुटला किंवा पाऊल उचलले जाईनासे झाले, तर व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिले काही आठवडे श्वासाचे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आहेत. गुडघे दुमडून उताणे पडावे, श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखे ते स्नायू आत-वर ओढावेत, काही क्षण धरावेत आणि पूर्ण सैल सोडावेत. सैल सोडणेही तितकेच महत्त्वाचे आहे. याच स्थितीत डोके किंचित उचलून बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवून पाहावे. मधल्या फटीत दोनांहून अधिक बोटे मावत असतील, तर पोटाचे स्नायू अजून जवळ आलेले नाहीत असे समजावे आणि ते फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

त्यानंतर पाठीला आधार देणारे व्यायाम घ्यावेत. हातांवर व गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे जमिनीला समांतर न्यावा. कंबर खाली झोळ खाऊ नये आणि एका बाजूला कलू नये. दहा सेकंदांपेक्षा जास्त धरण्याची गरज नाही. थोडा वेळ धरून पुन्हा करणे अधिक हिताचे. उताणे झोपून नितंब आवळत कंबर थोडीच उचलणे आणि कुशीवर गुडघे दुमडून कोपराच्या आधाराने कंबर उचलणे हे दोन व्यायामही बहुतेक जणींना मानवतात. पश्चिमोत्तानासन, हलासन आणि झपाझप घातलेले सूर्यनमस्कार मात्र सध्या नकोत. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकून कमरेपाशी येत असेल तर ते सहसा चांगले लक्षण असते. कमरेतले दुखणे पोटरीकडे, पावलाकडे उतरू लागले तर तो व्यायाम तिथेच थांबवावा.

रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर तासभर तरी वाकणे टाळावे. आपल्याकडे नेमके याच वेळी पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतात. पाठीचा त्रास असलेल्या आईने हे काम न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडे निःसंकोच सोपवावे, नाहीतर कमरेइतक्या उंच, भक्कम टेबलावर टब ठेवावा. बाळाला उचलताना एक गुडघा टेकवून, त्याला छातीशी घेऊन मग उठावे. सतत एकाच कडेवर घेऊ नये. पाण्याने भरलेली बादली तर उचलूच नये. दिवसातून कित्येकदा होणाऱ्या या हालचाली सुधारल्या नाहीत, तर अर्ध्या तासाच्या व्यायामाचा फारसा उपयोग होत नाही.

चालणे सपाट रस्त्यावर, दहा-दहा मिनिटांनी दोनदा सुरू करावे आणि पाठ साथ देईल तसे वाढवत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत न्यावे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग पुरेसा आहे. निघण्यापूर्वी बाळाला पाजून घेतले की स्तनही जड वाटत नाहीत. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाकावी. धावणे आणि उड्या मारणे पहिले तीन महिने नकोच, त्यानंतरही विचारूनच करावे.

आहाराच्या बाबतीत घरच्यांशी स्पष्ट बोलावे लागते. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण 500 ते 600 कॅलरी जास्त लागतात, म्हणून उपास किंवा एकवेळचे जेवण हा मार्ग नव्हे. पण तूप-गुळाचे डिंकाचे लाडू दिवसातून तीन-चार खाल्ले, तर एवढ्या कॅलरी त्यांतूनच सहज भरून जातात. एक लाडू ठेवावा, आणि जेवणात भाकरी, उसळ, डाळ, पालेभाजी, ताक, चालत असल्यास अंडी भरपूर असावीत. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा वेगाने वजन उतरवण्याचा हट्ट धरू नये.

मध्येच पाठ धरली, तर एक-दोन दिवस व्यायाम थांबवावेत, मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. घरातच थोडे थोडे चालत राहावे आणि दुखणे ओसरल्यावर आधीच्या निम्म्या वेळेपासून पुन्हा सुरुवात करावी.