कामाची मांडणी करताना कामगाराचा विचार: या चुका टाळा

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे 'सरासरी कामगार' डोळ्यांसमोर ठेवून टेबलाची, फळ्यांची आणि यंत्राची उंची ठरवणे. अमेरिकी हवाई दलाने १९५० मध्ये चार हजारांहून अधिक वैमानिकांची शरीरमापे घेतली, तेव्हा दहाही प्रमुख मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. म्हणून हात पोहोचण्याचे अंतर बुटक्या कामगारांवरून आणि डोके, गुडघे सामावणारी मोकळी जागा उंच, धिप्पाड कामगारांवरून ठरवावी.

उभ्याने करायच्या कामाची उंची कोपरावरून मोजावी. बारीक नजरेचे काम कोपराच्या किंचित वर, हलकी जुळणी थोडी खाली आणि जोर लावायचे काम त्याहून खाली असावे. एकाच टेबलावर एक जण खांदे उचलून आणि दुसरा कमरेत वाकून काम करत असेल, तर दोष टेबलाचा आहे. 'नीट उभे राहा' असे बजावून दुखणे थांबत नाही. टेबल वरखाली होत नसेल, तर ते उंच माणसाच्या मापाने लावून इतरांना पायाखाली रुंद, न सरकणारा पाट द्यावा.

ओझ्याच्या बाबतीत केवळ वजनाकडे पाहिले जाते. अमेरिकेतील 'निओश' या कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या ओझे उचलण्याविषयीच्या सूत्रात अत्यंत अनुकूल स्थितीतही मर्यादा २३ किलो आहे आणि ओझे शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर गेले की ती निम्मी होते. साहजिकच आखूड हातांच्या कामगाराला खोल खोक्याच्या तळातून माल काढणे अधिक जड जाते. त्यासाठी खोके तिरके ठेवण्याची सोय करावी.

वयाचा विचार तर बहुधा राहूनच जातो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणारा कामगार संगणकाच्या पडद्यावरचे वाचण्यासाठी हनुवटी वर उचलतो आणि मग मान दुखते. अशा वेळी खुर्ची बदलण्याआधी पडदा खाली घ्यावा.

हत्याराच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी किंवा टेबलाच्या कडेला चिकटवलेला पुठ्ठा दिसला, तर तो अस्वच्छपणा समजून काढून टाकू नये. मूठ हाताला बसत नाही, कड टोचते, हे कामगाराने त्यातून सांगितलेले असते.

नव्या मांडणीची चाचणी सर्वांत तरबेज कामगाराकडून सकाळी दहा मिनिटांत उरकणे, हीही मोठी चूक होय. चाचणीत सर्वांत बुटका, सर्वांत उंच, डावखुरा आणि नुकताच रुजू झालेला असे सगळे असावेत आणि ती पाळीच्या शेवटच्या तासात, अंग थकलेले असताना घ्यावी.