विमान कोसळल्यावर बातम्या कशा वाचाव्यात

१२ जून २०२५च्या दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळलं. संध्याकाळपर्यंत नागपुरातल्या पानठेल्यांवर कारणं ठरलीसुद्धा. आपल्याकडे या चर्चेला जरा जास्तच जोर येतो, कारण इथल्या मिहान या उद्योग-प्रकल्पात एअर इंडियासाठी बोइंगने उभारलेला विमानदुरुस्तीचा तळ आहे आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी भाचा तिथला ‘आतला माणूस’ निघतो. भाचा हुशार असेलही. पण वर्धा रोडवर बसून त्याला अहमदाबादच्या कॉकपिटमधलं कसं कळणार?

म्हणून पुन्हा अशी वेळ आलीच, तर एक साधी वही काढा. पहिल्या दिवशी पेनाने चारच गोष्टी लिहा: उड्डाण क्रमांक, मार्ग, विमानाचा प्रकार, आत किती जण होते. मृतांचा आकडा मात्र पेन्सिलीने. त्या दिवशी आधी ‘कोणी वाचलं नसावं’ असं सांगण्यात आलं, मग एक प्रवासी स्वतःच्या पायांनी चालत आलेला दिसला. आकडा २९०च्या वर गेला होता. डीएनए चाचण्या झाल्यावर तो २६० ठरला. विमानातले २४१, जमिनीवरचे १९.

मग कारणं. प्रत्येक कारणापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पाहिलं, ताडलं, ऐकलं. पक्षी धडकले, फ्लॅप्स, म्हणजे उड्डाणाला जास्त उचल देणाऱ्या पंखांच्या पट्ट्या, उघडलेच नव्हते, ही दोन्ही कारणं चॅनेलांवर दिवसभर फिरली. प्राथमिक अहवालात फ्लॅपचा दांडा उड्डाणाला योग्य अशा ५ अंशांवर सापडल्याची नोंद आहे आणि विमानाच्या वाटेत लक्षात येण्याजोगे पक्षी नव्हते, हेही. पण सगळेच तर्क फुसके नव्हते. विमानाच्या पोटाखाली आणीबाणीची वीज देणारा छोटा पंखा, म्हणजे रॅट, बाहेर आलेला दिसतो, असं काहींनी व्हिडिओ पाहून सांगितलं होतं. ते खरं निघालं. त्यांनी चित्रात बोट ठेवता येईल अशी वस्तू दाखवली होती. हा फरक वहीत दिसला पाहिजे.

आता कॅलेंडरवर खूण करा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यायचा असतो. आपल्याकडे हा तपास विमान अपघात तपास विभाग, म्हणजे एएआयबी करतो. या अपघाताचा १५ पानी प्राथमिक अहवाल १२ जुलैला आला. मधल्या महिन्यातलं ‘सूत्रांच्या मते’ थेट ‘ऐकलं’खाली टाका.

अहवाल आल्यावर मथळा नको, अहवालच उघडा आणि लाल पेनाने क्रियापदांना गोल करा. खरी गंमत इथेच आहे. इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’ (चालू) वरून ‘कटऑफ’ (बंद) वर गेले, एवढंच अहवाल सांगतो. ‘गेले’. मराठीत ‘बंद केले’ म्हटलं की करणारा माणूस उभा राहतो, आणि ‘बंद पडले’ म्हटलं की यंत्र दोषी ठरतं. बातमी लिहिणारा यातलं एक क्रियापद निवडतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. इंधन का तोडलं, असं एका पायलटने विचारलं आणि दुसऱ्याने आपण तसं केलं नाही म्हटलं, ही नोंदही अहवालात आहे. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे मात्र त्यात नाही. तरी चर्चेतल्या मंडळींनी नावं वाटून टाकली. त्या पायलटांच्या घरचेही टीव्ही पाहत असतील, हे कुणाच्या गावी नव्हतं. तपासाच्या नियमांत हेतू पुढचा अपघात टाळण्याचा असतो, कुणावर ठपका ठेवण्याचा नव्हे.

राहिला फॅमिली ग्रुप. तिथे वाद घालू नका. काकांनी काही पाठवलं की नम्रपणे एवढंच विचारा, “काका, हे पाहिलेलं, ताडलेलं की ऐकलेलं?” उत्तर बहुधा हात जोडलेल्या इमोजीत येईल.