काखेतल्या जांभळ्या रेघा

जिम लावून चौथा महिना. परळच्या चाळीत आरशासमोर बनियन काढलं, तर काखेपासून खांद्यापर्यंत जांभळ्या रेघा, मांजरानं ओरबाडल्यासारख्या. बोट फिरवलं की किंचित खोलगट लागायच्या. आई म्हणाली, नायटा असेल. मीही दुकानातून मलम आणून आठवडाभर चोळलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी ती ट्यूब बघितली. तिच्यात स्टिरॉइड! त्यानं कातडी पातळ होते, असल्या रेघा आणखी वाढतात. मूळ कारण वेगळंच: चार महिन्यांत ९ किलो वजन वाढलेलं, कातडीचा आतला थर ताणून फाटलेला. स्ट्रेच मार्क्स.

मलम त्याच दिवशी बंद. जिम सोडली नाही, खाणं आवरलं. महिन्याला किलोभराच्या आतच वाढ. वर्षभरात रेघा पांढरट पडल्या, गेल्या नाहीत. नवी मात्र एकही नाही.